बावन्न नंबरचा ठसा

रॉमिंगरच्या मोटार कारखान्यात आयुष्य काढलेला माणूस "मी कारखान्यात होतो" असं कधी म्हणत नाही. तो म्हणतो, "मी रॉमिंगरकडे होतो." जणू कुणा थोरल्या घरी वाढल्यासारखं. एवाल्ड हेफेलेही तसंच म्हणायचा, आणि म्हणताना सत्त्याहत्तर वर्षांची त्याची पाठ आपोआप ताठ व्हायची. छत्तीस वर्षं तो तिथे तपासनीस होता. स्टिअरिंगचे दांडे, ब्रेकचे भाग, जे तुटलं तर माणूस मरेल ते सगळं त्याच्या मेजावरून जायचं. मापात बसलं की त्यावर पोलादी पंच धरून तो हातोडीचा एकच घाव घालायचा. त्रिकोणात सत्तेचाळीस. हा ठसा ज्या भागावर, त्या भागाचा जाब एवाल्डला विचारायचा, मग तो भाग शंभर वर्षांनी का तुटेना.

निवृत्तीनंतर दर गुरुवारी तो कंपनीच्या संग्रहालयात पाहुण्यांना फिरवायचा, फुकट. यंदा कंपनीला शंभर वर्षं झाली होती. जर्मनीतल्या नेकर नदीच्या दोन्ही काठांवर झेंडे लागले होते, "शंभर वर्षांचा शब्द". संग्रहालयात थोरल्या रॉमिंगरची पहिली गाडी मखमलीवर, शर्यतीचे चषक काचेत, आणि युद्धाची सगळी वर्षं शौचालयाच्या वाटेवरच्या अरुंद भिंतीवर, मोजून चौदा ओळींत. युक्रेनमधून धरून आणलेल्या बायका इथे लेथवर उभ्या केल्या होत्या, हे त्यातल्या अकराव्या ओळीत. एवाल्ड तिथे कुणाला रेंगाळू देत नसे. "पुढे चला, पुढे चला, खरी मजा पुढे आहे," म्हणायचा. नाकाने कांदे सोलणारा माणूसही एखादा कांदा तसाच पुढे ढकलतो.

त्या गुरुवारी हानोव्हरहून आलेलं एक शिक्षक जोडपं होतं. एवाल्डने त्यांना काचेच्या कार्यशाळेत नेलं. सहासष्ट सालची निळी, दोन दारांची कूपे गाडी तिथे लिलावासाठी तयार होत होती. प्रत्येक भाग मूळचा, असं समोरच्या पाटीवर लिहिलं होतं, आणि त्या एका वाक्यामुळे गाडीची किंमत तिप्पट झाली होती.

"या, वाका इकडे," एवाल्ड म्हणाला. "पुढचं चाक काढलेलंच आहे. स्टिअरिंगचा दांडा दिसतोय? त्यावर मी आहे."

त्याने सवयीने ठशावरून अंगठा फिरवला, आणि नखाला कड लागली. घाव बसला की धातू बाजूला उचलून येतो, त्याची बारीक, धारदार कड. पन्नास वर्षांच्या ठशाला ती उरत नाही. त्याने टॉर्च मागून घेतली. खाचेचा तळ चांदीसारखा चमकत होता. ठसा महिन्याभरातला होता.

"वा!" शिक्षकीणबाई म्हणाल्या. "म्हणजे हा तुमच्या हातचा?"

एवाल्डने टॉर्च विझवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने पाहुण्यांना मध्येच सोडलं आणि कोट न घेता तो बाहेर पडला.

कारण त्याचा पंच या जगात उरलाच नव्हता. रॉमिंगरकडची रीतच तशी. निवृत्तीच्या दिवशी तपासनिसाने सगळ्यांदेखत आपला पंच व्हाइसच्या जबड्यात पकडायचा आणि स्वतःच्या हाताने कानस चालवायची, आकडा पुसला जाईपर्यंत. मग तो मुका पंच लाकडावर बसवून त्यालाच परत देतात. बाप्ये रडतात त्या वेळी. एवाल्डही रडला होता. मग सत्तेचाळीसचा ताजा ठसा आला कुठून?

घरी पोचला तेव्हा बायको, लोरे, जिना झाडत होती. जिन्याची पाळी या आठवड्यात त्यांची होती, दारावर तशी पाटी अडकवलेली होती, आणि पाळीच्या आठवड्यात लोरेशी कुणी वाद घालत नसे.

"माझी खोटी सही केलीय त्यांनी!" एवाल्ड खालूनच ओरडला. "मेलेल्या माणसाचा अंगठा कागदावर दाबावा, तसं!"

"तू मेलेला नाहीस. माझ्या जिन्यावर उभा आहेस, आणि बूट न पुसता उभा आहेस."

"लोरे, ऐक. त्या दांड्यावर माझा नंबर आहे. दांडा मी पाहिलेला नाही. उद्या तो तुटला तर?"

लोरेने झाडू भिंतीला टेकवला. नवऱ्याचा आवाज तिला कळत होता. "मग इथे माझ्यावर काय ओरडतोस? मी ठोकलाय का? उद्या सकाळी जा आणि ज्याने ठोकलाय त्याच्यावर ओरड. आणि कोट आण तुझा."

जेवताना त्याने मसूर आणि श्पेट्झलेच्या जाड शेवया नुसत्या चिवडल्या. तळपायाची आग मस्तकात गेली होती, ती सकाळपर्यंत उतरली नाही.

डॉक्टर टिलमान रूऑफ संग्रहालयाचा आणि जुन्या गाड्यांच्या विभागाचा प्रमुख. चाळिशीचा, इतिहासातला डॉक्टर, बोलणं लोण्यासारखं. त्याने एवाल्डला कॉफी दिली, लोणी लावलेला ब्रेत्झेल पाव पुढे केला, आणि सगळं ऐकून घेतल्यावर तो हसला. राग आला नाही त्याला, हेच एवाल्डला जास्त झोंबलं.

"हेफेलेसाहेब, मूळ दांड्याला तडा होता. आम्ही नवा घडवून घेतला, जुन्याहून चांगला. ठसा मारून फक्त ऐतिहासिक स्थिती परत आणली."

"खोटं बोललो म्हणा. शब्द कमी लागतील."

"तुम्ही मनाला फार लावून घेता. उलट मीच तुम्हाला फोन करणार होतो. तुम्ही हयात आहात हे आमचं भाग्य! आठवड्यातून एकदा या, नवे भाग तुम्हीच तपासा, तुम्हीच ठोका. मग त्यात खोटं काय उरतं? मानधनही देऊ."

"कशाने ठोकू? माझा पंच मी या हातांनी घासलाय."

"तीच तर गंमत आहे," रूऑफ म्हणाला, आणि पोराने खजिना दाखवावा तशा उत्साहाने त्याने कपाटातून एक लाकडी पेटी काढली. "जुन्या उत्पादन प्रमुखाच्या खोलीतलं कपाट हलवताना सापडली. झाकणावर साल आहे बघा, चौसष्ट. सगळ्या तपासनिसांचे पंच, नंबरवार. अख्खा दुसरा संच! इतिहास आहे हा."

हिरव्या फेल्टच्या खाचांमध्ये पंच ओळीने झोपले होते. एवाल्डने सत्तेचाळीस उचलला. मग त्याने आकडा पाहायचं सोडून पंच उलटा केला आणि त्याचं डोकं पाहिलं, कारण हत्याराचं खरं वय डोक्यावर कळतं. नुसत्या जपून ठेवलेल्या पंचाचं डोकं सपाट असतं. याचं डोकं हातोडीने पसरून भूछत्रासारखं झालं होतं. शेजारचा पाहिला. तसाच. त्याच्या शेजारचा, तसाच.

"तुम्ही किती ठसे मारलेत यांनी?" त्याने विचारलं.

"आम्ही? फार तर दहा-बारा."

"हे हजारोंनी मारलेत."

रूऑफला त्यात काही दिसलं नाही. तो डॉक्टर कागदांचा होता, लोखंडाचा नव्हता. एवाल्डला मात्र सगळं दिसलं. दिवसा तो मेजावर बसून "हा नाही, हा नाही, हा भंगारात" म्हणत होता, आणि महिनाअखेर आली की कुणीतरी वरच्या खोलीतून ही पेटी आणून त्याच्या नावाने "हा चालेल" म्हणत होतं. छत्तीस वर्षं. ज्या नावावर तो ताठ चालत आला ते नाव कपाटात होतं, आणि किल्ली दुसऱ्याकडे.

त्याचं बोट खाचांवरून सरकत बावन्नवर थांबलं.

बावन्न नंबर आंतो बारिशिचचा. आंतो अडुसष्ट साली बोस्नियातून कामाला आला आणि पाचच वर्षांत तपासनीस झाला. परक्या मुलखातून आलेल्यांमध्ये तो पहिलाच. सत्त्याहत्तरच्या शरदात उल्मजवळ एका गाडीचा स्टिअरिंगचा दांडा तुटला आणि गाडी चालवणाऱ्या पाववाल्याचा पाय गेला. दांड्यावर बावन्न. त्या लॉटच्या सगळ्या दांड्यांवर बावन्न. आंतो म्हणाला, "हा लॉट मी नाकारला होता. लाल रंग मारून बाजूला ठेवला होता." नाकारल्याची चिठ्ठी काही सापडली नाही. मग चौकशी समितीने एवाल्डला बोलावलं आणि एकच विचारलं: तपासनिसाचा ठसा दुसरं कुणी मारू शकतं का?

एवाल्डने एक क्षणही विचार केला नव्हता. "पंच आमच्या खिशात असतो आणि घरी जाताना कुलपात," तो म्हणाला होता. "ठसा ज्याचा, हात त्याचा."

आंतोची नोकरी गेली, कंपनीचं घर गेलं. तो गावच्या दफनभूमीत माळी म्हणून लागला. त्यानंतर सदतीस वर्षं शनिवारी सकाळी एकाच बेकरीच्या रांगेत ते दोघे उभे राहत, आणि एवाल्ड मान वळवून पावांकडे पाहत राही. पाववाल्याचा पाय घेणाऱ्याला काय मान द्यायचा, असं त्याला वाटे. वाटत कसलं, त्याचा त्याला अभिमान होता!

त्याने बावन्न नंबर खिशात घातला.

"हेफेलेसाहेब! ती कंपनीची मालमत्ता आहे!"

"पोलिसांना बोलवा," एवाल्ड म्हणाला. "मी वाट बघतो. येतील तेव्हा पेटी त्यांच्यापुढेच उघडू."

रूऑफने फोनला हात लावला नाही.

रविवारी सकाळी एवाल्ड द्राक्षमळ्यांच्या वर, टेकडीवरच्या बागांमध्ये गेला. आंतो तिथे शिडीवर चढून निळे आलुबुखार काढत होता. एकाहत्तर वर्षांचा, वाळकुडा, पण शिडीवर मांजरासारखा स्थिर. फाटकाशी उभ्या असलेल्याला त्याने ओळखलं आणि तो काढायचं थांबला नाही.

"बेकरी खाली आहे," तो म्हणाला.

"आंतो, तुला काही दाखवायचंय."

एवाल्डने पंच पुढे केला आणि सगळं सांगितलं. पेटी, चौसष्ट साल, पसरलेली डोकी. सांगता सांगता त्याचा श्वास लागला. आंतो खाली उतरला, पंच हातात घेऊन त्याने डोकं पाहिलं, मग आकडा, आणि परत दिला.

"बरं. मग?"

"मग म्हणजे? तू मारला नव्हतास! हा पुरावा आहे!"

"मी मारला नव्हता हे तू *मला* सांगायला आलास?" आंतोचा आवाज अजून खालीच होता. "मला ते सदतीस वर्षांपूर्वीच माहीत होतं रे. आत्ता कळलंय ते तुला. ओझं तुझं, आणि उतरवायला माझी बाग!"

"मला माहीत नव्हतं, आंतो. देवाशपथ. मला वाटलं ते मी बोललो."

"तेच! वाटलं ते बोललास!" आता तो ओरडला, आणि शेजारच्या बागेतलं कात्रीचं खटखट थांबलं. "एकदा तरी येऊन विचारलंस? चार वर्षं एका मेजावर बसलो, माझ्या डब्यातली मिरची खाल्लीस. 'आंतो, तू मारलास का?' चार शब्द! जीभ झडली असती? आणि ऐक, माझी बायको मारा गेली, तीन वर्षं झाली. जायच्या आधी हॉस्पिटलात तिने माझा हात धरून विचारलं, 'आता तरी खरं सांग आंतो, घाईत मारला गेला असेल ना?' माझ्या बायकोने! का विचारलं तिने? कारण हेफेले म्हणाला होता. हेफेले खोटं बोलत नाही, हे गावातल्या कुत्र्यालाही माहीत होतं."

एवाल्डला खाली बसावंसं वाटलं, पण बसायला कुणी सांगितलं नव्हतं. "मी काय करू, सांग," तो म्हणाला. "जे सांगशील ते."

आंतोने हात पुसले, झाडाच्या फांदीवरचा कोट उचलला.

"किती वाजले? साडेअकरा. ते सगळे आता लाममध्ये असतील ना, त्या तुमच्या मेजावर? तुझ्या समितीतले जे जगलेत ते. चल. जिथे बोललास तिथे बोल. माझ्या झाडांना सांगू नकोस, झाडांनी मला काढलं नव्हतं."

ते टेकडी उतरले.

लाम म्हणजे गावातली जुनी खानावळ. तिथल्या खिडकीजवळच्या मेजावर रॉमिंगरच्या निवृत्तांखेरीज कुणी बसायचं नाही, असा अलिखित कायदा. त्या रविवारी सहाजण होते, प्रत्येकापुढे लाल वाइनचा, कपासारखा कान असलेला ग्लास. मधोमध पॉल डेटिंगर, जुना फोरमन, ब्याऐंशी वर्षांचा, चौकशी समितीत होता तो. एवाल्डमागून आंतो आत आला तसे सहाही जण दाराकडे वळले.

एवाल्डने पंच टेबलावर ठेवला. तो उभाच राहिला.

"ही बावन्नची दुसरी प्रत," तो म्हणाला. "सगळ्यांच्या होत्या. वरच्या खोलीत. आंतोने तो लॉट नाकारला होता आणि तो कुणीतरी या पंचाने ठोकून बाहेर काढला. मी समितीपुढे जे सांगितलं ते खोटं होतं."

तो थांबला. त्याला वाटलं होतं आरडाओरडा होईल, कुणी म्हणेल 'काय बोलतोस', कुणी पंच उचलून उजेडात धरेल. कुणीच पंचाकडे हात नेला नाही. हे काय आहे, असं एकानेही विचारलं नाही. सहाजणांच्या नजरा आपापल्या ग्लासात. एवाल्डच्या ते हळूहळू लक्षात आलं.

"तुम्हाला माहीत होतं," तो म्हणाला. "फोरमन, तुम्हाला माहीत होतं?"

"बस आधी," डेटिंगर म्हणाला. "आंतो, तूही बस. काय घेतोस?"

"माहीत होतं का?"

"अरे, कुणाला नव्हतं? महिनाअखेरीला गाड्या जायच्या असत. तुम्ही तपासनीस लोक केसाएवढ्या फरकाला भंगार म्हणायचा. शंभरातले नव्व्याण्णव दांडे चांगलेच असत. जायचं सगळं. एक तुटला, ते वाईट झालं."

"मला कुणी का नाही सांगितलं?"

डेटिंगर खरंच प्रेमाने हसला. "तुला? एवाल्ड, तुला कोण सांगेल! तुला सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात गेला असतास. आणि खरं सांगू? एक तरी माणूस तसा लागतोच. त्या दिवशी समितीपुढे मी बोललो असतो तर वकील हसले असते. म्हणून मीच म्हणालो, हेफेलेला बोलवा. तू आलास, एक वाक्य बोललास, पाच मिनिटांत मिटलं. हजार माणसांच्या नोकऱ्या राहिल्या. रॉमिंगरचं नाव राहिलं. शंभर वर्षांच्या पुस्तकात तुझा फोटो आहे, तो काय उगीच?"

हे त्याने शाबासकी म्हणून सांगितलं. त्या मुलखात कुणी शिव्या दिल्या नाहीत म्हणजेच कौतुक समजायचं, आणि इथे तर फोरमनने आयुष्यात पहिल्यांदा तोंडाने कौतुक केलं होतं. एवाल्डने टेबलावरच्या पंचाकडे पाहिलं. पंचाला निदान आपण काय ठोकतो हे कळत नसतं, म्हणून त्याला दोष नाही. एवाल्डला तर डोकं होतं, जीभ होती, आणि मिरची खाल्लेला मित्र होता. त्यांनी कपाटातून पंच काढावा तसं त्याला काढलं, एक घाव घातला आणि परत खाचेत ठेवलं. तो आयुष्यभर त्या खाचेत ताठ पडून राहिला, आणि वर अभिमान!

"पुन्हा बोला," तो म्हणाला.

"काय?"

"आत्ता बोललात ते. मोठ्याने. सगळ्या खानावळीला ऐकू जाऊ दे."

"एवाल्ड, तमाशा नको. कंपनीचं वर्ष आहे. आपलं पेन्शन त्याच नावावर येतं, तुझंसुद्धा."

एवाल्डने डेटिंगरचा ग्लास उचलला आणि टेबलावर असा आपटला की वाइन सहाही जणांच्या रविवारच्या कपड्यांवर उडाली. खानावळीतले काटे-चमचे थांबले. गल्ल्याशी उभी असलेली मालकीण पुढे आली. चर्चहून आलेली कुटुंबं माना वळवून पाहू लागली.

"मी एवाल्ड हेफेले," तो ओरडला, आणि त्याचा आवाज चिरकला. "मी आंतो बारिशिचविरुद्ध खोटी साक्ष दिली! रॉमिंगरने माझ्याकडून देववली, आणि मी दिली!"

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आंतोने एवाल्डची नेहमीची खुर्ची ओढली होती. तो त्या मेजाशी बसला, डेटिंगरच्या बरोबर समोर, आणि त्याने मालकिणीला हाक मारली.

"मला एक लाल वाइन. याला नको. हा उभाच राहील, याचं अजून व्हायचंय." मग त्याने वर पाहिलं. "अर्धवट काम करू नकोस, तपासनीस. तारीख सांग. लॉट सांग. कोण कोण बसलं होतं ते नावं घेऊन सांग."

एवाल्डने दोन्ही हात टेबलावर टेकले.

"चौदा ऑक्टोबर, एकोणीसशे सत्त्याहत्तर," तो म्हणाला. "तीनशे चाळीस दांडे. समितीत पाचजण होते. पहिलं नाव, पॉल डेटिंगर."